फुली नसलेला पत्रा

आमच्या काकांनी उभ्या आयुष्यात एकच काम मुद्दाम वाईट केलं, आणि तेही इतक्या निगुतीने की नऊ वर्षं त्यातली खोड कुणाला सापडली नाही.

काका म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, पत्र्याचे मिस्त्री. गल्लीत सगळे त्यांना 'सूतभर' म्हणायचे, कारण काहीही बघितलं की त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं, "सूतभर चुकलंय." दाराची चौकट, भिंतीवरचं कॅलेंडर, न्हाव्याने कापलेले माझ्या वडिलांचे कल्ले, कशालाच माफी नव्हती. लग्न त्यांनी केलं नाही. आई म्हणायची, मुलगी बघायला गेले असते तर तिथेही खिशातून काटकोन तपासायचा गुण्या काढला असता. पुढच्या खोलीत त्यांची खाट, खाटेखाली कात्र्या आणि लाकडी मोगऱ्या. तीस वर्षं पत्रा ठोकून कान बसलेले, त्यामुळे आमच्या घरात मीठ मागायचं तरी ओरडून. माझा आवाज मोठा आहे तो काकांमुळे. राग मोठा आहे तो त्यांच्या मालकामुळे.

मालक आणि काका एकाच उस्तादाच्या हाताखाली, एकाच बाकावर पत्रा कापायला शिकले होते. पुढे एकाने शेड घेतली आणि दुसऱ्याने त्या शेडमध्ये वीस वर्षं हात झिजवले. मोठ्या इमारतींत थंड हवा खेळवायला छताला पत्र्याचे चौकोनी बोगदे टांगलेले असतात, त्यांना डक्ट म्हणतात. ते बनवायचे आणि टांगायचे, हे त्यांचं काम. एका गोदामाचं काम घाईत आलं. काका म्हणाले, डक्ट टांगायला दर आठ फुटांवर हँगर हवा. मालक म्हणाला, बाराला लाव, वेळ नाही. काकांनी दोनदा सांगून बघितलं, मग मुकाट्याने बाराला लावले. चौथ्या दिवशी डक्टचा लांबच्या लांब तुकडा खाली आला आणि खाली उभ्या असलेल्या फिटरचा गुडघा चेचला गेला.

चौकशीला माणसं आली तेव्हा मालकाने काकांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "आमचे मिस्त्री जुने आहेत, पण आता वय झालं. विसरले." काका तेव्हा पन्नाशीचेही नव्हते. ते गप्प बसले. त्यांना वाटलं, बाकावरचा सोबती आहे, परकी माणसं गेली की आपणहून सगळं सरळ करेल. त्याने केलं ते असं की महिनाअखेरीपासून काकांना घरी बसायला सांगितलं, आणि फिटरला त्याच शेडमध्ये रिव्हेट-स्क्रू वाटायच्या खिडकीवर बसवून देवमाणूस म्हणवून घेतलं.

फिटर आमच्या मागच्याच गल्लीत राहायचा. काका समोरून आले की तो तसल्या गुडघ्यानेही रस्ता ओलांडून पलीकडे जायचा. त्याची बायको तर एकदा आमच्या दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "हात झडतील तुमचे." मी सातवीत होते. मी तिच्या अंगावर धावून गेले, आईने वेणीला धरून मागे ओढलं. काका आत गेले, हात धुतले आणि जेवायला बसले. मला ते अजून सहन होत नाही.

पण काका मूग गिळून बसलेत असं जे आम्ही समजत होतो, ते साफ चूक होतं. त्या शेवटच्या महिन्यात मालक शेडमध्येच वर माळा घालून नवं ऑफिस बांधत होता, आणि त्याच्या केबिनचा डक्ट हे काकांचं तिथलं शेवटचं काम होतं. डक्टच्या रुंद पत्र्याला कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन हलक्या मोडी देतात, फुलीसारख्या. दिसायला काही नाही, पण त्यांनी पत्रा ताठ राहतो. फुली नसली तर हवा ढकलणारा पंखा सुरू झाला की पत्रा पोटासारखा फुगतो, बंद झाला की आत बसतो, आणि दर वेळी धडाम वाजतो. काकांनी अकरा तुकडे बनवले. दहांना फुली दिली. अकरावा सपाट ठेवला, आणि तो बरोब्बर मालकाच्या खुर्चीच्या डोक्यावर टांगला. हँगर मात्र चांगले जवळजवळ लावले, म्हणजे पडायचा नाही, नुसता वाजायचा. दिवसातून पन्नास वेळा, तो त्या खुर्चीत बसेल तोवर. वरून जाड वेष्टण गुंडाळलं की आतली फुली कोण बघायला येतो? घरी येऊन त्यांनी कुणाजवळ चकार शब्द काढला नाही.

पुढची नऊ वर्षं ते पुढच्या खोलीत पन्हळी, नरसाळी आणि धुराड्यांच्या टोप्या बनवत बसले. लोक काम आणायचे, पण जाताना "नीट बसवा हं" असं म्हणून जायचे. सूतभर मिस्त्रीला! असं म्हणणारा एकेक माणूस माझ्या लक्षात आहे.

मी शिकून रिकामी बसले होते तेव्हा त्याच शेडच्या ऑफिसात जागा निघाली. वडील म्हणाले, उपाशी राहू, पण त्या दारात पाऊल टाकायचं नाही. काकांनी मोगरी खाली ठेवली. "जाऊ दे तिला," ते म्हणाले. "चांगली नोकरी आहे." मला वाटलं, निवळला माणूस. खरं सांगायचं तर माझी निराशाच झाली.

मुलाखत दोन मिनिटांत आटोपली. मालकाने नाव विचारलं, मी घरच्या सवयीने दणदणीत सांगितलं. आडनाव ऐकून त्याने मान हलवली, पण तो सगळ्यालाच मान हलवायचा. "आवाज स्वच्छ आहे तुझा," तो म्हणाला. "फोन सगळे तू घ्यायचे, आणि काय म्हणाले ते आत येऊन मला सांगायचं."

माझं टेबल केबिनच्या काचेला लागून होतं. पहिल्याच दिवशी डोक्यावर असं काही धडाम झालं की माझ्या हातातून फोन पडला. शेजारच्या ड्राफ्ट्समनने वर बघितलंसुद्धा नाही. "होते सवय," तो म्हणाला. "तुझ्या आधीच्या बाईला नाही झाली, ती सोडून गेली." दोनदा कारागीर बोलावले होते म्हणे, पण सगळे जोड घट्ट आहेत असं सांगून ते निघून गेले.

संध्याकाळी काका माझी वाटच बघत असायचे. "काय म्हणतं ऑफिस? आवाज-बिवाज असेल?" मी म्हणायचे, ठीक आहे. "आणि तो? बरा दिसतो? डोकं-बिकं दुखतं का त्याचं?" मला वाटायचं, ही जुनी माया. त्या मायेने माझ्या तळपायाची आग मस्तकाला जायची.

तिसऱ्या महिन्यात माझंच डोकं ठणकायला लागलं. एका संध्याकाळी मी दारातच चपला भिरकावल्या आणि ओरडले, "तो मेला डक्ट दिवसभर डोक्यावर धडाम धडाम करतो! कुठल्या गाढवाने बनवलाय कोण जाणे!"

काका हसले. नऊ वर्षांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. डोळ्यांत पाणी येईतो हसले, मग खाटेवरून पुढे सरकले आणि म्हणाले, "आणि तो? दचकतो ना? दर वेळी दचकतो?"

"कोण, मालक? त्यांना कुठे ऐकू येतं!"

काकांनी कानामागे हात धरला. मी पुन्हा ओरडून सांगितलं, "ठार बहिरे आहेत ते! म्हणून तर फोन मला घ्यायला लावतात. तोंडासमोर ओरडलं तर थोडं कळतं, एरवी ओठांकडे बघून नुसती मान हलवतात. ऑफिस बांधलं तेव्हापासूनच ऐकू येत नाही त्यांना. लोक तक्रार करायला गेले तर म्हणाले, कसला आवाज?"

काकांचं हसू जिथल्या तिथे थिजलं. "त्याचे कान माझ्या शेजारी बसूनच गेले," ते म्हणाले. "तोच बाक, तोच पत्रा. मला सुचलंच नाही."

मग त्यांनी सगळं सांगितलं. फुलीचं सांगितलं, आणि आठ-बाराचंही. ते तर त्यांनी आम्हालाही कधी सांगितलं नव्हतं. वडिलांनी मान खाली घातली. नऊ वर्षं त्यांनाही वाटत होतं की दादा विसरला असेल. मी मात्र कपाळावर हात मारून घेतला. नऊ वर्षांचा सूड, आणि तो उगवला कुणावर, तर फोन घेणाऱ्या बाईवर, ड्राफ्ट्समनवर आणि माझ्यावर! ज्याच्यासाठी एवढा घाट घातला तो खुर्चीत बसून मजेत पेपर वाचतोय!

"उद्या येऊन तो पत्रा उतरवतो," काका पडलेल्या आवाजात म्हणाले. "तुझं डोकं दुखतंय."

"पत्रा राहू दे," मी म्हणाले. "तोंड उघडा. आणि त्याला ऐकू जाईल असं उघडा."

मी त्यांना मुद्दाम दुपारी दीडला बोलावलं. त्या वेळी कापायची-मोडायची सगळी मशीनं बंद असतात आणि माणसं खाली डबे उघडून बसलेली असतात. काका इस्त्रीचा सदरा घालून आले. खिडकीवरच्या फिटरने त्यांना पाहून तोंड फिरवलं. लोखंडी जिना चढून ते वर आले, मी त्यांना केबिनमध्ये नेलं आणि मागचं दार अर्धवट उघडंच ठेवलं.

"ये, ये, मिस्त्री," मालक म्हणाला. "बस."

काका बसले नाहीत. "मी आठ फूट म्हणालो होतो," ते म्हणाले.

मालकाने मान हलवली. "छान, छान."

मग काकांनी तो आवाज काढला, जो चालू मशीनच्या पलीकडे पोचायचा. "हँगर! आठ फुटांवर म्हणालो होतो मी! बारा तू म्हणालास!"

खालची डब्यांची खडखड थांबली. मालकाचा चेहरा उतरला. तो टेबलावर ओणवा झाला, तोंडाशी हात धरला आणि कुजबुजला. म्हणजे त्याला वाटलं की आपण कुजबुजतोय. "हळू बोल ना, खाली माणसं आहेत! बारा मीच म्हणालो होतो, मला काय माहीत नाही? पण कबूल केलं असतं तर शेड हातची गेली असती. तू एकटा जीव, तुझं काय जाणार होतं?" तो शब्द न् शब्द शेडच्या छतावर आदळून खाली गेला.

काकांना मात्र ते नीट ऐकू आलं नाही. ते माझ्याकडे वळले. "काय म्हणतोय?"

दुसऱ्याचं बोलणं ऐकून मोठ्याने सांगायचं, ही माझी नोकरीच होती. मी दारात उभी राहिले आणि जमेल तितक्या स्वच्छ आवाजात सांगितलं, "म्हणतात, बारा मीच म्हणालो होतो! तू एकटा जीव, तुझं काय जाणार होतं, म्हणतात!"

काकांनी डोळे मिटले. खाली कुणीही हललं नाही, फक्त फिटर खिडकीतून उठला. तो जिन्यापाशी आला आणि कठड्याला धरून चढू लागला. चांगला पाय वर, मग दुखरा पाय ओढत त्याच पायरीवर. अठरा पायऱ्या. त्याच्या दर पावलाला जिना दणदण वाजत होता, आणि केबिनमधल्या त्या दोघांना त्यातलं काहीच ऐकू येत नव्हतं.

मालक खुर्चीत मागे रेलला. सगळं आपसात मिटलं असं त्याला वाटलं असणार, कारण तो काकांकडे बघून हसला आणि मला म्हणाला, "जा, चहा सांग."

"बरं," मी म्हणाले, आणि दार सताड उघडलं.