शेवटच्या सेकंदाची एक शेंग

कोणी गणित वाचायला लागलं की काका तळहात आडवा धरायचे. "थांब. गाडी कुटं थांबणार, ते आदी सांग."

आमच्या खालच्या मजल्यावरचे हे काका होटगीकडच्या मालगाड्या चालवून निवृत्त झाले होते. स्वस्थ बसता न येणारी अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. जिन्याखाली शेंगा फोडत ते येणाऱ्या-जाणाऱ्या स्कूटरवाल्यांना मार्क द्यायचे. "ब्रेक उशिरा दाबलास. धापैकी चार!"

मी फिजिक्स इंग्रजीत शिकले. सूत्रं पाठ होती, पण चारचौघांत तोंड उघडत नसे. एका क्लासमध्ये नोकरीसाठी डेमो लेक्चर द्यायचं होतं, म्हणून जिन्यात बसून पुटपुटत सराव करत होते. गाडीचा वेग सेकंदाला वीस मीटर. ब्रेक लावल्यावर तो दर सेकंदाला दोननं कमी होतो. थांबेपर्यंत गाडी किती अंतर जाईल?

"सूत्र ऱ्हाऊ दे की. थांबलेल्या गाडीपासनं मागं चल."

त्यांनी फरशीवर एक शेंग ठेवली. "ह्यो शेवटचा सेकंद. गाडी मुंगीवानी सरकती. एकच मीटर." "एकेक सेकंद मागं गेलं की दोन-दोन मीटर जास्त." तिच्यामागं तीन शेंगा. मग पाच, सात... दहाव्या ओळीत एकोणीस. सगळ्या मोजल्या. बरोबर शंभर!

सूत्रानंही शंभरच येत होते. पण गाडी थांबताना मला पहिल्यांदाच दिसली.

"आता खा," काका म्हणाले.

डेमोच्या दिवशी ते न विचारताच आले आणि शेवटच्या बाकावर बसले. मी फळ्यावर गणित लिहिलं, वळले, आणि आवाजच फुटेना. क्लासचे सर घड्याळ बघायला लागले.

"मॅडम," मागून आवाज आला, "जोरात पळणारी गाडी ब्रेक दाबला की जागीच थांबती न्हवं?"

जन्मभर मालगाड्या थांबवलेला माणूस हे विचारत होता! मला हसूच आलं. "नाही हो काका!" मी मोठ्यानं म्हणाले, तेही मराठीत. मग फळ्यावर एक शेंग काढली, तिच्यामागं तीन. चौथ्या ओळीपासून मुलंच आकडे ओरडायला लागली.

नोकरी मिळाली. काका गेल्या वर्षी गेले. पण त्या दिवसाचं एक सांगायचं राहिलं.

लेक्चर संपल्यावर सर अदबीनं काकांजवळ गेले. त्यांना वाटलं, कुणाचे तरी पालक ॲडमिशनसाठी आलेत. "तुमचं मूल कितवीला?"

मी डस्टर घेऊन उभी होते, कोपरापर्यंत खडूनं माखलेली. काकांनी मानेनंच माझ्याकडं खूण केली.

"ती काय. आत्ताच पास झाली."