न निघणारा डाग आणि सुलाबाई

गंगाखेडच्या त्या मंगल कार्यालयात दर मोसमात नवरे बदलतात, नवऱ्या बदलतात, आचारी बदलतात. टेबलांवरची पांढरी कापडं मात्र तीच. बावीस वर्षं ती सुलाबाई धुतात.

अबोली तिथे हॉलच्या तारखा लिहून घ्यायची. मराठीत एम.ए. झाली होती, शिकवायला कॉलेज मिळत नव्हतं. पहिल्याच आठवड्यात मदत करावी म्हणून तिने हळदीच्या डागाला साबण चोळला. डाग लालभडक झाला. कापडावर कोणाचा तरी खून पडल्यासारखा.

सुलाबाई मागे उभ्या होत्या.

"किती शिकलीस म्हणलीस?"

"एम.ए., मावशी."

"त्यात हळद नव्हती वाटतं. जा, लिंबू आन."

लिंबू पिळताच लाल पुन्हा पिवळं झालं. मग कापड दोन दिवस उन्हात पडून राहिलं आणि पिवळंही गेलं. अबोली बघतच राहिली. त्या दिवसापासून दुपारच्या सुट्टीत ती हौदापाशी येऊन बसू लागली.

सुलाबाई मूळच्या सोनपेठच्या. नवऱ्याचं बाजारात चहा-भज्यांचं हॉटेल होतं. टेबलं तीन, कापडं तीन. आठवडी बाजारात त्या कापडांवर सांडायचं राहिलं, असं काही नव्हतं. डागांची विद्या तिथली. तेलकटावर आधी ज्वारीचं पीठ, मग साबण. चहाच्या डागावर हातभर उंचीवरून उकळतं पाणी. पान थुंकणाऱ्याला आधी शिव्या, मग कापडाला ताक. टेबलाच्या पायाचा गंज लागला तर लिंबू आणि मीठ. नवरा गेला, हॉटेल गेलं, विद्या उरली. मुलगा पुण्याला. "काम सुटलं की तुला इकडं आणतो," असं तो दर रविवारी फोनवर म्हणायचा. त्याच्याकडे कपडे धुवायचं मशीन होतं. सुलाबाई एकदा आठ दिवस राहून आल्या होत्या. मशीनसमोर स्टूल टाकून बसायच्या आणि आतली कापडं गरगर फिरताना बघायच्या. नवव्या दिवशी गंगाखेडची गाडी पकडली.

त्यामुळे मालक गोविंदरावांनी प्लास्टिकचे रोल आणले, तेव्हा काय पणाला लागलंय हे अबोलीला लगेच कळलं.

"पंगत उठली की गुंडाळायचं आणि फेकायचं," गोविंदराव म्हणाले. "धुणं न्हाई, वाळवणं न्हाई. सुलाबाई, तुमी आता आराम करा. लेकाकडं जा."

"कापडांनी काय घोडं मारलं?"

"डाग राहत्यात."

"एक दावा."

आचारी, मांडववाला, स्पीकरवाला सगळे ऐकत होते. तिथेच पैज लागली. पंगतीत पडलेला एक जरी डाग महिन्याभरात राहिला, तर प्लास्टिक येणार आणि सुलाबाई पुण्याला जाणार. न राहिला, तर रोलचं नाव काढायचं नाही.

त्या महिन्यात अकरा लग्नं झाली. आमटी सांडली, जिलबीचा पाक सांडला, एका व्याह्याने रागाच्या भरात लोणच्याची वाटी उपडी केली. सगळं निघालं. गोविंदराव रोज कापडं उलटीपालटी करून बघायचे आणि दात खायचे.

शेवटच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी एका कापडाच्या मधोमध डाग दिसला. काळा, रुपयाएवढा.

अबोलीने बोट पुढे केलं. सुलाबाईंनी तिच्या मनगटावर चापट मारली.

"हात लावू नको. बिब्बा हाय."

टाचेला भेग पडली की बिब्बा तापवून त्याचं तेल लावतात, हे अबोलीने आजीकडे पाहिलं होतं. कापडावर पडला की कापड फाटेल, पण तो जाणार नाही. कातडीवर चुकून पसरला तर दोन-तीन दिवसांनी उततो. फोड, खाज, आग.

"पण लग्नात बिब्बा कोण वाढेल?"

"कुनी न्हाई," सुलाबाई म्हणाल्या. त्यांनी काठीने कापड उचलून दोरीवर टाकलं.

गोविंदराव आले. डाग बघून त्यांना फार वाईट वाटलं. इतकं वाईट की चेहऱ्यावरचा आनंद लपेना.

"मालक, तीन दिवस द्या," सुलाबाई म्हणाल्या.

"तीन कशाला, चार घ्या की."

सुलाबाईंनी चार दिवस त्या कापडाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. अबोलीचा जीव टांगणीला. "मावशी, काहीतरी लावा ना," ती म्हणायची. "लावायचंय की," सुलाबाई म्हणायच्या आणि भजन गुणगुणत बसायच्या.

चौथ्या दिवशी गोविंदराव उजव्या हाताला रुमाल गुंडाळून ऑफिसात आले. डावी भिवई सुजून डोळ्यावर आली होती. सुलाबाई वाटी घेऊन मागोमाग आत शिरल्या. वाटीत तीळ आणि खोबरं बारीक वाटलेलं. त्यांनी ती टेबलावर ठेवली.

"हे काय?"

"लावा. आग कमी हुती."

"चहा सांडला हातावर."

"भिवईवर बी चहाच सांडला?"

अबोलीने तारखांच्या वहीत डोकं घातलं.

गोविंदरावांनी उठून दार लोटलं. मग म्हणाले, "तुमीच तर म्हणला, बिब्बा तेवढा निघत न्हाई."

"डागाचं म्हणले. हाताचं तुमी इचारलंच न्हाई."

"अवो, मला कळत न्हाई का बिब्बा उततो ते? हाताला प्लास्टिक गुंडाळलं हुतं."

"कोनतं?"

गोविंदरावांनी रुमालाची गाठ आवळली.

"कोनतं, मालक?"

"त्याच रोलचं," ते पुटपुटले. "गरम तेल पडलं आन् वितळलं."

"आन् त्याच्यावर तुमी पावन्यांपुढं उकळती आमटी ठेवणार."

"पण डाग हाय ना अजून," गोविंदरावांनी शेवटचा प्रयत्न केला. "पैज तुमी हरला."

"हाय की. पंगतीत पडलेला डाग, असं बोलणं झालतं. आचाऱ्याला, मांडववाल्याला बोलावते. हा पंगतीत पडला, एवढं त्यांच्यासमोर म्हना. मी उद्याच गाठोडं बांधते."

गोविंदरावांनी वाटीकडे पाहिलं. रुमाल सोडला आणि मुकाट्याने हात पुढे केला.

रोल त्यांच्या शेतावर गेले. डागाचं कापड सुलाबाईंनी त्यांच्याच टेबलावर अंथरलं, डाग बरोबर त्यांच्या नाकासमोर येईल असं. रविवारी मुलाचा फोन आला, तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "काम सुटंना बाबा."

दुपारी हौदापाशी अबोलीने विचारलं, "मावशी, मालक असं करतील हे तुम्हाला आधीच कळलं होतं?"

"मला कसं कळंल? मी काय देव हाय?" सुलाबाई कापड पिळत म्हणाल्या. "पैजेच्या दुसऱ्या दिवशी सहज त्यांच्यापाशी बोलले, समदं निघतंय, बिब्बा तेवढा न्हाई. आन् उठताना दोन बिब्बे त्यांच्या खिडकीत इसरले."

अबोलीने ऑफिसच्या खिडकीकडे पाहिलं.

"बघत काय बसलीस? ऊन चाललंय. ते टोक धर."

अबोलीने टोक धरलं. दोघींनी मिळून कापड झटकलं.