लेट

काल नात फोनवर म्हणाली, "आजी, मी लेट होणार," आणि मला पन्नास वर्षांपूर्वीच्या कौसल्याबाई आठवल्या.

तेव्हा मी सदरला फ्रेंचच्या वर्गाला जायची. जेमतेम तीन महिने झाले होते, पण मिजास मोठी. कौसल्याबाई कामठीच्या. त्यांच्या मुलीची, कुसुमची आजारपणात सेवा केलेली फ्रेंच नर्स मायदेशी परतली होती. तिच्यासाठी कोणीतरी इंग्रजीत लिहून दिलेलं पत्र मला फ्रेंचमध्ये करायचं होतं. कुसुम त्यानंतर वारली होती, पण ते सांगणारा शब्द पत्रात एकच होता, 'माय लेट डॉटर'मधला 'लेट'. इंग्रजीत उशिरालाही 'लेट' आणि दिवंगतालाही; फ्रेंचमध्ये उशिराला एक शब्द आणि दिवंगताला दुसरा. मी घाईत डिक्शनरीतला पहिला उचलला. बाईंना काही विचारलंही नाही.

दोन महिन्यांनी त्या उत्तर आणि पार्सल घेऊन आल्या. नर्सनं लिहिलं होतं, "कुसुमला यायला उशीर होतोय, हरकत नाही. आली की हा स्वेटर घालून फोटो पाठवा."

तेव्हा कुठे मला माझी चूक कळली.

"काय लिवलं वं पोरी?"

"त्यांना फार वाईट वाटलं, म्हणतात."

"मंग हा स्वेटर काहून धाडला?"

"आठवण म्हणून."

त्यांनी तो लाल स्वेटर छातीशी धरला. "मोठं काम केलं वं तू माह्यं," म्हणाल्या.

पुढे माझं फ्रेंच सुधारलं. खरं सांगणारं पत्र लिहिता आलं असतं. पण नर्सचा पत्ता मागायला कामठीला जावं लागलं असतं, आणि तेवढं धैर्य मला झालं नाही. ती बिचारी फोटोची वाट बघत राहिली असेल.