बिनविरोध गावातली नायबाई

ग्रामसभेत सगळं गाव 'मंजूर' म्हणालं, की बायकांच्या घोळक्यातून एक खणखणीत 'नाय!' यायचं. ते माझ्या आत्याचं. बदलापूरजवळच्या तिच्या सासरगावी तिला सगळे नायबाई म्हणत, आणि तिला ते आवडायचं. एकदा शाळेच्या नव्या छपरालाही ती नाय म्हणाली. मी तेव्हा अंबरनाथहून सुट्टीला गेले होते. विचारलं, "आत्या, छप्पर नको तुला?"

"पायजे ना! पन एक तरी नाय लागतं गो. सगल्यांचा हो झाला का मंग कोन कोनाला इचारनार?"

घरातही हाच कारभार. म्हैस विकायची की नाही, हे ठरवायला ती ओटीवर रिकामी कळशी ठेवायची. हो असेल तर चिंचोका, नाही असेल तर खडा. मूठ झाकून टाकायचा. म्हाताऱ्या सासूपासून शाळकरी लेकीपर्यंत सगळ्यांचं मत सारखं. निकाल विरुद्ध गेला तर आत्या मुकाट मानायची. "आपून हरलो म्हनून कलशी फोराची नसतं," म्हणायची.

नव्वदीनंतर सरपंचपद बायकांसाठी राखीव झालं. देवळात पंच बसले आणि निवडणूक बिनविरोध करायची ठरली. सरपंच पाटलांची सून. तिला कोणी विचारलंसुद्धा नव्हतं. बदल्यात एक बिल्डर देवळाला सभामंडप बांधून देणार होता. गावात भांडण नको, म्हणे! अरे, मत देणं म्हणजे काय भांडण असतं? आत्याने तालुक्याला जाऊन आपला अर्ज भरला.

"मना निवरून याचा नाय," ती पंचांना म्हणाली, "पन मतदान झालाच पायजे."

मग गावाने हुकमी डाव टाकला. आत्याच्या मुलीचं, सुमनचं लग्न तोंडावर आलं होतं. आगऱ्यांच्या लग्नात धवळे गाऊन देवांना बोलावते ती धवलारीण. तिच्याशिवाय कार्य पुढे सरकत नाही. निरोप आला : अर्ज मागे घे, नाहीतर धवलारीण येणार नाही आणि हळदीला गावातलं कुत्रंही फिरकणार नाही. एका बाईला नमवायला एवढे मिशीवाले बाप्ये, आणि तेही एका पोरीच्या हळदीआड लपून! आजही आठवलं की माझं डोकं भणभणतं.

सुमनने रडून अन्न सोडलं. शेवटी आत्यानेच कळशी आणून ओटीवर ठेवली. मी ओरडले, "आत्या, हे मताला टाकू नकोस!" पण मी लग्नाला आलेली पाहुणी, मला मत नव्हतं. कळशी उपडी केली. अर्ज मागे घे, असं सांगणारे चिंचोके ओटीवर पसरले. खडा एकच, तिचा स्वतःचा. ती उठली, पायांत चपला सरकवल्या आणि अर्ज मागे घेऊन आली.

गावात फटाके फुटले. हळदीला अख्खं गाव नाचलं, त्याच बाप्यांनी आत्याच्या मटणावर ताव मारला, आणि मी दात-ओठ खात वाढत राहिले. सभामंडप उभा राहिला. पाठोपाठ गावाचं गुरचरण त्याच बिल्डरच्या घशात घालणारा ठराव एकमताने मंजूर झाला. आज तिथे इमारती आहेत, आणि गाव आता टाहो फोडतं. फोडू दे! सुमनला मी दोष देत नाही. गावाला मात्र मी अजून माफ केलेलं नाही.

त्यातही माफ होत नाही तो मतदानासाठी ठरलेला दिवस. लग्न होऊन गेलं होतं. आत्याने सकाळीच न्हाऊन हळदीतलं नवं लुगडं नेसलं आणि मला म्हणाली, "चल गो." मतदान शाळेत व्हायचं होतं. शाळेला कुलूप होतं. पोलीस नाही, रांग नाही, कोणी नाही. आत्या बंद दाराकडे बघत उभी राहिली. बऱ्याच वेळाने मी तिचा हात धरला. "चल आत्या, कोणी येणार नाही."

तिने हात सोडवून घेतला आणि पायरीवर बसली.

"थांब गो. पाच वाजंपरत येल हाय अजून."