साखराबाईचा नमुना

नांदूरघाटच्या साखराबाईला शुगर झाली, हे गावात आधी कुणी खरंच मानलं नाही. नाव साखरा, आजार साखरेचा. लोकांना वाटलं, कुणीतरी फिरकी घेतंय. त्यात बाई अंगानं काडी. तीस वर्षं मेंढरांमागं डोंगर तुडवलेला, भाकरी आणि ठेच्यापलीकडं कसला सोस नाही. शुगर म्हणजे गादीवर बसून पेढे खाणाऱ्यांचं दुखणं, अशी तिचीही पक्की समजूत होती.

पण दोन महिने तहान काही केल्या भागत नव्हती. पाण्याची बाटली दुपारच्या आत रिकामी व्हायची. चोळी ढगळ झाली. नवऱ्यानं, म्हणजे बंकटनं, दृष्ट काढली. मेंढरांची काढतात तशीच, मीठ-मिरच्या ओवाळून. पुढं नारायणगडाच्या यात्रेत ती पायऱ्यांवर टेकली ती उठेचना. बीडच्या दवाखान्यात रक्त तपासलं, तर साखर चारशे ऐंशी.

गोळ्या सुरू झाल्या. गावानंही आपापली औषधं सुचवली : कारल्याचा रस, मेथ्या, कडुलिंबाचा पाला. सहा महिन्यांत तोंड कडूजहर झालं, साखर मात्र तसूभर हलली नाही. शेवटी डॉक्टरांनी रक्त बाहेरगावी पाठवलं आणि निकाल वाचून सांगितलं, "बाई, तुमची शुगर खाण्यापिण्याची नाही. अंगात रोगाशी लढणाऱ्या पेशी असतात ना, त्यांनी तुमच्याच स्वादुपिंडावर हल्ला केलाय. इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी मारून टाकल्या. आता इन्सुलिन बाहेरून घ्यावं लागेल. रोज."

"घरचेच उलटले म्हना की," साखराबाई म्हणाली.

सुई टोचायला ती आठवड्यात शिकली. मेंढराला इंजेक्शन द्यायची तिला सवय होतीच. फरक एवढाच की मेंढरू पळून जातं. घरात फ्रिज नव्हता, म्हणून इन्सुलिनची बाटली पिशवीत घालून माठाच्या गारव्याला ठेवायची. आणि साखर एकदम उतरली तर तोंडात टाकायला कमरेच्या पिशवीत साखरेची पुडी. शुगरच्या बाईनं साखर बाळगायची, यावर बंकट चार दिवस हसत होता.

अशात एका सकाळी गावात आरोग्याचं काम बघणारी आशाताई बबिता दारात आली. बरोबर प्रियदर्शनी नावाच्या तरुण डॉक्टर मॅडम. मॅडम अशा जातीच्या मधुमेहाचा अभ्यास करत होत्या, आणि मेंढरांमागं हिंडणाऱ्या माणसांची पोटं शहरातल्या पोटांहून वेगळी असतात का, हे त्यांना बघायचं होतं.

"मावशी, मॅडमला तुमच्या शौचाचा नमुना पायजे," बबिता म्हणाली.

"कशाचा?"

बबितानं कानाशी तोंड नेलं. "परसाकडचं."

साखराबाईनं आधी बबिताकडं बघितलं, मग मॅडमकडं. मॅडमच्या हातात झाकणाची डबी होती. मॅडम चेष्टा करत नव्हत्या.

"कावून ओ बाई? आमच्या दारात मागत्यानं पीठ मागितलं, मीठ मागितलं. हे पैलंच!"

बंकट ओट्यावरून खो खो हसत सुटला. मॅडमही हसल्या, पण डबी काही खाली ठेवली नाही. साखराबाईनं अट घातली, "देते. पन आदी समदं समजावून सांगा. माजं हाय ते, कशाला नेता मला कळाया नगं?"

मग मॅडमनी फरशीवर मांडी घातली. आपल्या आतड्यात कोट्यवधी जंतू राहतात, त्यातले बरेच गुणाचे. भाकरीतला, भाजीतला कोंडा-चोथा आपल्याला पचत नाही, तो ते खातात आणि त्यातून अशी द्रव्यं तयार करतात की आतड्याचं अस्तर धड राहतं. आणि लढणाऱ्या पेशींनाही आपलं कोण, परकं कोण, कुणाला सोडायचं, याचं वळण लागायला मदत होते. या आजाराच्या काही लोकांत हे गुणाचे जंतू कमी दिसलेत.

साखराबाई विचारात पडली. "म्हंजी कुत्र्यासारकंच की. मेंढरात वाढलेलं कुत्रं लांडग्यावर जातंय, कोकराला हुंगून सोडतंय. साखळीला बांधून वाढवलेलं कुनालाबी चावतंय."

मॅडमनी वही काढून ते लिहून घेतलं. "साधारण असंच असावं, असा अंदाज आहे. पण जंतू कमी झाले म्हणून आजार झाला, की आजारामुळं जंतू कमी झाले, हे अजून नक्की कळलेलं नाही."

"मग आता आंबील पेऊन जंतू वाडवले तर सुई सुटंल?" बंकटनं विचारलं.

"नाही. मेलेल्या पेशी आंबिलानं परत येत नाहीत. सुई एक दिवसही बंद करायची नाही."

डबी दिली, थर्माकोलचा डबा दिला, बर्फाच्या पिशव्या दिल्या. दुसऱ्या दिवशी गाडी येऊन नेणार होती. आणि नेमकं दुसऱ्या दिवशी साखराबाईला काही होईना! बबिताचा तीनदा फोन, "मावशी, झालं का?" बंकट अंगणात येरझाऱ्या घालतोय, जणू सून बाळंत व्हायचीय. शेजारणी चौकशीला आल्या. अशा गर्दीत कुणाला होणार? गाडी रिकामीच गेली.

तिसऱ्या दिवशी माळावर मेंढरं चारताना काम झालं. डबी तिनं शहाणपणानं जवळच ठेवली होती. आता डबा बीडला आपणच पोचवायचा, म्हणून बबिताकडून डब्यात ताजा बर्फ भरून घेऊन नवराबायको एसटीत बसले. डबा साखराबाईच्या मांडीवर. मांजरसुंब्याला एसटी बंद पडली. दुसरी गाडी तासाभरानं, आणि डब्यातल्या बर्फाचं पाणी व्हायला लागलेलं.

बंकट समोरच्या ढाब्यावर गेला. ढाबेवाला पंडित गल्ल्यावर होता.

"शेट, वाईच बरफ द्या. डब्यात नाजूक माल हाय."

"खवा का?" पंडितनं झाकणाला हात घातला.

"हात लावू नगंस भाऊ!" साखराबाई मागून ओरडली. "माजं परसाकड हाय त्यात!"

ढाब्यावरचे घास जागच्या जागी थांबले. पंडित दोन पावलं मागं सरला. मग बाईनं उभ्याउभ्या सगळं सांगितलं : पोटातले जंतू, उलटलेल्या पेशी, बीडला थांबलेल्या मॅडम. एका ट्रकवाल्यानं जेवण अर्धं सोडलं, दुसऱ्यानं मात्र आपल्या पुतणीला पण अशीच सुई लागते म्हणून चार प्रश्न विचारले. पंडितनं बर्फाची थैली भरली आणि लांबूनच टेबलावर सरकवली. "पैसे नगंत आज्जी. फकस्त बाहीर बसा."

डबा पोचला. निकालाला पाच महिने लागले. मॅडमचा फोन आला : साखराबाईच्या पोटात जंतूंच्या जाती भरपूर, शहरातल्या कितीतरी लोकांपेक्षा जास्त.

"मग मला कावून झालं हे?"

"मावशी, खरं सांगू? माहीत नाही. एका माणसावरून कळत नाही. शेकडो माणसं तपासावी लागतील."

साखराबाईला क्षणभर राग आला. एवढा खटाटोप, आणि उत्तर माहीत नाही! पण गोळ्या देताना, कारलं पाजताना, दृष्ट काढताना सगळ्यांना सगळं माहीत होतं. माहीत नाही म्हणणारी ही पहिलीच भेटली होती. राग टिकला नाही. "बरं, तपासा. पन माजं नाव लिवा त्यात," ती म्हणाली.

"नाव नाही लिहीत, नंबर असतो. आणि एक काम होतं. त्याच घरात राहणारा, तेच खाणारा, पण आजार नसलेला माणूस पाहिजे तुलना करायला. काका देतील का?"

फोन स्पीकरवर होता. बंकटचं हसू जिथल्या तिथं मावळलं. "मला मेंढरं सोडायचीत," म्हणत त्यानं पायताणं शोधायला घेतली.

"देतील की," साखराबाई फोनवर म्हणाली. "डबी पाटवा. त्येंना कसं बसवायचं, ते माज्याकडं लागलं."