सॅम्पल फ्लॅटमधलं दूध

आधीच सांगून टाकते, या ग्रुपवरचे अनुभव मी जेवताना तोंडी लावायला वाचते. पिंपळ, पांढरी साडी, "मागे वळून बघू नकोस" वगैरे... विश्वास शून्य. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. दिवसभर लोकांची थुंकी, लघवी, शौच तपासते आणि दुपारी शेजारच्या खोलीत बसून पोटभर डबा खाते. सांगायचा मुद्दा, मला किळस सहजासहजी येत नाही. तरी आज जे लिहितेय त्यात किळस सोडून दुसरं फारसं काही नाही. भूत तर नाहीच. ज्यांना भूत हवंय त्यांनी सरळ पुढच्या पोस्टवर जावं.

आमची सोसायटी नाशिक रोडला, जेल रोडच्या आतल्या बाजूला. तीन मजली जुन्या बिल्डिंगी, लिफ्ट नाही, मधे मैदान, मागून नाला. बहुतेक घरं नोटांच्या प्रेसमधून रिटायर झालेल्यांची. आमचं घर सासऱ्यांनी घेतलेलं, आता माझ्या आणि माझ्या नवऱ्याच्या, सुधीरच्या, नावावर आहे. सुधीर ओझरला कारखान्यात नोकरीला आहे.

मैदानाच्या कडेला एक पत्र्याची खोली आहे, त्यात कमलमावशी राहते. तिचा नवरा सोसायटीचा पहिला वॉचमन. तो गेला, मावशी राहिली. मखमलाबादला तिच्या भावाचा मळा आहे, तिथून शेवंती-गुलाब आणते, गजरे-हार करून देवळापाशी विकते. गरीब बिचारी वगैरे अजिबात नाही हं! उरलेली फुलं गटाराच्या चेंबरमध्ये टाकते, चेंबर तुंबला की आमच्यावरच ओरडते, सकाळी मिश्री लावून जिन्यात थुंकते. माझी आणि तिची यावरून कितीदा जुंपलीय. पण सोसायटीइतकीच जुनी आहे ती. कुणाच्या घरी काहीही असो, बारसं नाहीतर मयत, फुलं तिचीच.

तर रीडेव्हलपमेंट. शेजारच्या सोसायटीचं काय झालं ते आम्ही डोळ्यांनी बघितलं होतं. पुढे चकाचक टॉवर, तो नव्या लोकांसाठी. जुनी माणसं मागच्या विंगमध्ये, नाल्याकडे तोंड करून. गेटसुद्धा वेगळं! मग मेंटेनन्स झेपेना म्हणून एकेकाने घर विकलं आणि कुणी पळशाला, कुणी सिन्नर फाट्याच्या पुढे गेलं. आता तिथे खाली एक कॅफे आहे, तिथल्या कॉफीचं नावही आमच्या पवारकाकांना वाचता येत नाही.

आपलं असं होऊ द्यायचं नाही म्हणून आम्ही कमिटी केली. पवारकाका अध्यक्ष, मी सेक्रेटरी. आधी आपला आराखडा, मग बिल्डर. गेट एकच. जुन्या माणसांना मागे ढकलायचं नाही. आणि कमलमावशीला नव्या इमारतीत तळमजल्यावर खोली. हा मुद्दा मी लावून धरला होता, कारण मावशी सोसायटीची सभासद नाही, कायद्याने तिला काहीच मिळत नाही. आम्ही धरून बसलो तरच तिला छप्पर. शेवटचा नियम असा की एकट्याने कुणी कुठल्याही बिल्डरला भेटायचं नाही. मैदानातल्या गणपतीपुढे सगळ्यांनी हात वर करून हे कबूल केलं होतं. गणपतीपुढे!

मग एका बिल्डरचा मॅनेजर यायला लागला. गोरागोमटा, गुळगुळीत, प्रत्येक बाईला "आई" म्हणणारा. त्याचं म्हणणं, "आमचं काम तरी बघा, आई. गंगापूर रोडला आमचा सॅम्पल फ्लॅट आहे. सगळ्यांनी या, गाडी पाठवतो." सगळे एकत्र जाणार म्हणजे नियम मोडत नव्हता, म्हणून कमिटी हो म्हणाली. मी हट्टाने कमलमावशीलाही गाडीत बसवलं. सुधीरची ड्यूटी होती, तो आला नाही.

तिथे गेल्यावर आमची माणसं जशी वागली ना, मला तेव्हाच बघवेना. जन्मभर घामाचं खाल्लेली माणसं टाइल्सवरून हात फिरवतायत, खोट्या फ्रिजचं दार उघडून बघतायत, बाल्कनीत सेल्फी काढतायत. सुनंदाताई तर पलंगावर आडवी होऊन पाहत होती. ही सुनंदाताई आमच्या खालच्या मजल्यावरची, कमिटीत सगळ्यात जास्त तावातावाने बोलणारी.

मग मॅनेजर म्हणाला, "आमच्या साहेबांची पद्धत आहे. पाहुणे आले की दूध उतू घालायचं. पवारकाकू, तुमच्या हातून होऊ दे. हे तुमचंच घर समजा."

आता तुम्हीच सांगा, दूध कुठे उतू घालतात? आपल्या घरात. जिथे आपण राहायला जाणार तिथे, घरच्या बाईच्या हातून. दाखवायच्या फ्लॅटमध्ये, जिथे उद्या दुसरी सोसायटी येऊन त्याच शेगडीवर तेच करणार, तिथे? मी बोललेसुद्धा, "काकू, हे बरं नाही दिसत." काकूंनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "असू दे गं, शुभ असतं." आमच्या लोकांची ही खोड आहे. कुणी देवाधर्माचं नाव काढलं की यांची अक्कल लगेच पायताणासारखी दाराबाहेर निघते.

दूध चांगलं होतं. हे मी मुद्दाम लिहितेय. पिशव्या आमच्यासमोर फोडल्या, सवयीप्रमाणे मी तारीख पाहिली, ताजी होती. पातेलं नवं कोरं, त्याचं स्टिकरही निघालेलं नव्हतं. काकूंनी गॅस पेटवला, मावशीने पातेल्याला गजरा गुंडाळला. दूध वर आलं, पूर्वेच्या बाजूने ओघळलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. उरलेल्यात साखर-वेलदोडा घालून मॅनेजरने कागदी कपांतून सगळ्यांना प्रसाद म्हणून दिलं. वास मस्त येत होता.

मी घोट घेतला... आणि तोंडात गटार आलं.

सौम्य शब्द सापडत नाही, माफ करा. तुंबलेला चेंबर उघडल्यावर जी भपकन हवा येते, तीच पातळ करून तोंडात ओतावी तसं. वर कोमट. साय जिभेला चिकटली आणि ती सायीसारखी नव्हती, केस गुंतलेल्या साबणासारखी होती. प्रसाद थुंकायचा नसतो, लहानपणापासून अंगात भिनलेलं, म्हणून गिळलं. गिळताना ते घशाला धरून धरून खाली उतरत होतं.

आजूबाजूला पाहिलं. पवारकाकांचा चेहरा पांढराफटक पडला होता. काकूंनी पदर तोंडाला लावला होता. सुनंदाताईने कप हळूच पडद्यामागे ठेवला. मला वाटलं, चला, सगळ्यांचंच तसं झालंय. पण बाकीचे मजेत पीत होते! आणि कमलमावशी तर कप बोटाने पुसून चाटत होती.

"लय ग्वाड दूध हाय बाई," ती म्हणाली. "अजून हाय का?"

मला वाटलं, मिश्री लावून हिची जीभ मेली असणार. मॅनेजरने तिला दुसरा कप दिला, त्याच पातेल्यातला. मी म्हटलं, "मावशी, एक घोट बघू." हुंगलं, वेलदोडाच. तोंडाला लावलं, पुन्हा तेच गटार. मावशीने माझ्या हातातून कप ओढून घेतला आणि बाकीचं गटागटा पिऊन टाकलं. "न्हाय प्यायचं तर नासवू नगा," म्हणाली.

मी टॉयलेटकडे धावले. तिथे पवारकाका आधीच वाकलेले होते. ते बाहेर आले, मी आत गेले, पोटातलं सगळं काढलं, फ्लशचं बटण दाबलं... पाणीच नाही. सॅम्पल फ्लॅट होता ना, टॉयलेट नुसतं दाखवायचं! तो फ्लॅट आम्ही तसाच सोडून आलो. एवढं एक समाधान.

दूध खराब होतं, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. पण मग बाकीच्यांना काही का झालं नाही, यावर कुणी डोकं चालवलं नाही. मी चालवलं, उत्तर मिळालं नाही, सोडून दिलं.

पुढे काही दिवसांनी संध्याकाळी मैदानात सर्वसाधारण सभा ठेवली. आमच्या आर्किटेक्टने काढलेला आराखडा मंजूर करायचा होता. सुधीरही सुट्टी घेऊन आला, मागच्या रांगेत बसला. विषय सुरू होतोय तोच तो गुळगुळीत मॅनेजर न बोलावता हजर झाला. हात जोडून म्हणाला, "आपल्या आराखड्याचा आदर आहे. पण आपल्यातल्या बऱ्याच घरांनी आम्हाला आधीच संमती दिलीय. कमिटीतल्यासुद्धा."

एकच गलका झाला. "कोण? नाव सांग!" तो नुसता हसत उभा. तेवढ्यात कमलमावशी फुलांची टोपली कमरेवर तशीच घेऊन पुढे आली.

"त्याला काय इचारता? ज्यांनी सह्या दिल्या त्यांनीच तोंडानं सांगावं. खाई त्याला खवखवे."

सुनंदाताई रडायला लागली. "सून मागे लागली हो... तिला वरचा मजला पाहिजे होता." मग लोकांनी पवारकाकांकडे पाहिलं. काका मान खाली घालून म्हणाले, "आमच्या घरातलीही सही गेलीय." आमचे अध्यक्ष! कुंपणच शेत खात होतं. काकू शेजारीच बसल्या होत्या, त्यांनी परत पदर तोंडाला लावला.

मी उठले. माझ्या अंगाचा नुसता जाळ झाला होता. मी काय काय बोलले ते आठवून आजही कानशिलं तापतात. गणपतीपुढे हात वर करणारे तुम्ही, मावशीच्या हातचे हार घालून घेणारे तुम्ही, तिला रस्त्यावर काढून तुम्हाला वरचे मजले हवेत, लाज वाटत नाही का, थुंकावंसं वाटतं तुमच्यावर... आणि "थुंकावंसं" म्हणता म्हणता माझ्या डोक्यात लख्खकन उजेड पडला.

सुनंदाताई. काका. काकू. त्या दिवशी ज्यांच्या तोंडात गटार आलं, ती हीच माणसं. ज्यांना दूध गोड लागलं त्यांच्यातला एकही आता उभा राहत नव्हता.

मग मी?

मी तर काही खाल्लं नव्हतं. मी कुठे सही केली नव्हती, कुणाला भेटले नव्हते, या माणसाशी कमिटीसोबतच बोलले होते. बोलणं अर्धवट टाकून मी मागच्या रांगेत पाहिलं. सुधीर खाली वाकून चपलेचा पट्टा लावत होता, जणू आत्ताच कुठे निघायचंय.

मी सगळ्यांदेखत विचारलं, "सुधीर, आपलं काय?"

तो म्हणाला, "घरी बोलू."

पंचवीस वर्षांच्या संसारात त्या दोन शब्दांचा अर्थ मला चांगला कळतो. मला एवढी किळस कधी लॅबमध्ये आली नाही, त्या सॅम्पल फ्लॅटमध्येही आली नाही. पण गप्प बसले असते तर माझ्यात आणि त्यांच्यात फरक काय? मी म्हटलं, "आमच्याही घराची संमती गेलीय. नवऱ्याने दिलीय. घर दोघांच्या नावावर आहे. माझी सही नाही आणि मिळणारही नाही."

मॅनेजरचं हसू तेव्हा पहिल्यांदा ओसरलं. सुनंदाताई उठून म्हणाली, "मग माझीही परत घेते." काकांनी अध्यक्षपद सोडलं. संमती परत घेण्यावरून अजून वकिलांचे खलिते चालू आहेत, बिल्डरने हात टेकलेत असं म्हणणार नाही. पण त्या संध्याकाळी आमचा आराखडा मंजूर झाला, मावशीच्या खोलीसकट. मावशीने कुणाचे आभार मानले नाहीत. दुसऱ्या दिवशी चेंबर पुन्हा तुंबला होता, तिच्याच फुलांनी.

हा अनुभव मी लॅबमधल्या डॉक्टरांना सांगितला. ते म्हणाले, अपराधी वाटलं की शरीर अशी प्रतिक्रिया देतं. काका-काकू आणि सुनंदाताईपुरतं मी ते मान्य करते. पण मला कशाचं अपराधी वाटणार होतं? मला तर माहीतच नव्हतं. ज्याला माहीत होतं तो त्या वेळी ओझरला मशीनवर उभा होता आणि त्याने दुधाचा थेंबही घेतला नव्हता. एका पातेल्यातलं दूध मावशीला गोड आणि मला गटार, हे कोणत्या टेस्टमध्ये बसवायचं? बसत नाही. इथे कुणाला बसवता आलं तर सांगा, पण कृपा करून "देवाची करणी" लिहू नका. देवापुढे हात वर केलेले मी पाहिलेत.

सुधीरला मी एकदाच विचारलं, बदल्यात काय मिळणार होतं. तो म्हणाला, "आपल्यासाठीच केलं गं. आपल्याला दोन गाड्यांचं पार्किंग देणार होते." मी बिल्डरचा नकाशा मागून घेतला. पार्किंग मैदानाच्या कडेला होतं, बरोबर मावशीच्या खोलीवर.

आमच्याकडे एक स्कूटर आहे.