दोरीचं दुसरं टोक

ती तक्रार मी अजून विसरलेलो नाही. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, किनाऱ्यावर वाहून आलेली प्रेते ओळख पटवून नातेवाइकांच्या ताब्यात दिली. पण कुणी म्हणाले, "साहेब, एखादी केस सांगा," की मला आधी आठवतात त्या खुंट्या आणि त्यांना बांधलेली दोरी. ऐकणाऱ्याचा चेहरा पडतो. त्याला रक्त हवे असते. या प्रकरणात रक्त नव्हते आणि ते सांडू नये एवढीच माझी धडपड होती. नाव कुणाचेही घेणार नाही, गावाचेही नाही. दिवेआगर आणि हरिहरेश्वर यांच्या दरम्यानचा किनारा एवढेच सांगतो.

मी तेव्हा तिथल्या पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. हद्दीत खाडीच्या अलीकडे मुसलमानांचा एक लहान मोहल्ला होता. त्यांचे कब्रस्तान पिढ्यान्‌पिढ्या अलीकडेच होते, पण मशीद खाडीपलीकडच्या मोठ्या गावात. जुम्याच्या, म्हणजे शुक्रवारच्या, नमाजासाठी होडीने जायचे आणि होडी ओहोटीला चिखलात बसायची. म्हातारी माणसे जाईनाशी झाली. रोजचा नमाज एका घराच्या पडवीत व्हायचा. वादळात त्या पडवीचे छप्पर उडाले, तेव्हा मोहल्ल्याने ठरवले की आता आपली मशीद बांधायचीच. कब्रस्तानाला लागून असलेली जागा एका कुटुंबाने देऊन टाकली.

प्रार्थनास्थळाची परवानगी म्हणजे पोरखेळ नाही. ग्रामपंचायतीचा ठराव, महसूलचे कागद, पोलिसांचा अभिप्राय, आणि मग जिल्ह्याच्या कचेरीत वाट बघत बसणे. जमातीचे, म्हणजे मोहल्ल्याच्या मंडळाचे, अध्यक्ष या सगळ्यात झिजले. आखातात बांधकामावर सुपरवायझर म्हणून आयुष्य काढून आलेला माणूस, मोजके बोलणारा. ठाण्याच्या बाकावर येऊन बसायचा आणि कुणी विचारीपर्यंत बसूनच राहायचा. अखेर परवानगी आली, पण अटीसह. शांततेला बाधा येईल असे काही घडल्यास काम तत्काळ थांबवावे, आणि परिस्थितीचा अहवाल पोलीस ठाण्याने पाठवावा. म्हणजे मी एक वाक्य वाकडे लिहिले असते, तर मशीद पुन्हा कागदावर गेली असती.

अहवाल जायच्या बेतात असतानाच अध्यक्ष ठाण्यात आले. या वेळी बाकावर बसले नाहीत.

"साहेब, पायाच्या खुंट्या कुणीतरी फिरवतोय," ते म्हणाले. "पहिल्यांदा वाटलं, गवंड्याची चूक. पुन्हा लाइन मारली, पुन्हा फिरली. आज तिसऱ्यांदा. आम्ही मोबाईलवर किब्ला बघून, कंपास लावून आखणी केलीय. चूक होणार न्हाय."

किब्ला म्हणजे मक्केची दिशा. नमाजाला उभे राहायचे ते तिकडे तोंड करून, त्यामुळे मशिदीची आखणीच तिच्यावरून होते. आपल्या किनाऱ्यावरून ती दिशा थेट पश्चिमेला नाही, किंचित उत्तरेकडे झुकलेली आहे. हे मलाही त्या दिवशीच कळले.

"संशय कुणावर?" मी विचारले.

अध्यक्षांना नाव घ्यायचे नव्हते. पण बरोबर आलेल्या तरण्या मंडळींनी नाव घेतलेच. जागेच्या दुसऱ्या अंगाला नारळ-सुपारीची वाडी होती. तिचा मालक हिंदू, पन्नाशीचा, आपल्या झाडांपलीकडे फारसा कुणाच्या अध्यात-मध्यात नसलेला. त्याने ग्रामसभेत मशिदीच्या ठरावावर तोंड उघडले होते. वाडीत जायची पायवाट त्या जागेतून जात होती, ती बंद होईल का, एवढाच त्याचा सवाल. नकाशात पायवाट ठेवली आणि त्याने ठरावाला हात वर केला. पण गाव अर्धेच लक्षात ठेवते. त्याने विचारले, हे सगळ्यांना आठवत होते. हात वर केल्याचे कुणालाच आठवत नव्हते. तिकडे हिंदू आळीतले दोन-चार रिकामटेकडे मोबाईलवर आधीच सुरू झाले होते की आता आपल्यावर आळ येणार, तयार राहा.

ठाणे अंमलदाराने अदखलपात्र गुन्ह्याची नोंद घ्यायला वही पुढे ओढली. मी त्याला थांबवले. स्टेशन डायरीला तक्रार आल्याची नोंद घे, म्हटले, बाकी मी जाऊन आल्यावर. एका समाजाच्या माणसाचे नाव दुसऱ्या समाजाच्या तक्रारीत एकदा उतरले की ते खोडता येत नाही. कोर्टातून माणूस सुटतो, गावातून सुटत नाही.

हवालदाराला घेऊन मी जागेवर गेलो. हे हवालदार माझ्याआधीपासून त्या बीटला होते आणि गावातल्या कुत्र्यांनाही ओळखत होते. जागा पाहिली आणि माझा पहिला अंदाज तिथेच मोडला. खोडी काढणारा माणूस खुंटी उपटतो आणि करवंदीच्या जाळीत फेकून देतो. इथे एकही खुंटी हरवलेली नव्हती. सगळ्या पुन्हा नीट ठोकलेल्या, दोरी ताणलेली, काटकोन जिथल्या तिथे. अख्खा चौकोन तसाच ठेवून कुणीतरी तो अंगाने जरासा वळवला होता. ज्याला मशीद नको आहे तो इतके कष्ट घेत नाही. मी हवालदारांना तसे म्हटले.

"म्हणजे साहेब, ज्याला मशीद हवी हाय त्यानंच?" हवालदार म्हणाले आणि स्वतःच दचकून इकडेतिकडे बघू लागले.

दुसरी गोष्ट गाठींची. एका टोकाची गाठ सुरगाठ होती, एका हिसक्यात सुटणारी. गुरे दाव्याला बांधतात ती. समोरच्या टोकाची गाठ हवालदारांना नखे लावूनही सुटेना. मी किनारी चौकीवर काम केले होते, मला ती ओळखीची होती. होडीवरची गाठ. ओढाल तितकी आवळते, आणि मागे ढकलली तरच मोकळी होते. दोन टोके, दोन वेगवेगळे हात. दोरी लांबवर सरळ ताणायची तर दोन माणसे लागतातच. गाठींसकट दोन्ही टोके कापून मी ताब्यात घेतली.

त्याच संध्याकाळी खबर आली ती पाववाल्याकडून. पहाटे सायकलवर पाव घेऊन गावभर फिरणाऱ्या माणसाइतका चांगला खबऱ्या सरकारलाही ठेवता येणार नाही. तो म्हणाला, त्या दिवशी उजाडता उजाडता वाडीवाला जागेत उभा दिसला. हातात दोरी होती. समोर कोण होते ते कब्रस्तानाच्या दगडी गडग्याआड दिसले नाही.

वाडीवाल्याला आणायला मी जीप पाठवली नाही. पोलीस जीप दारात लागली की मागे वात पेटते. त्याच्या वाडीतून मागे नारळ चोरीला गेल्याचा अर्ज पडून होता, त्या निमित्ताने बोलावले. तो आला, खुर्चीच्या कडेवर टेकला. मी दोरीची टोके टेबलावर ठेवली.

"ही गाठ तुमची?"

त्याने सुरगाठीकडे पाहिले. "व्हय."

"खुंट्या तुम्ही फिरवल्यात?"

"फिरवल्या म्हना."

"का?"

"लिहा तुमाला लिहायचं तं. पायवाटंवरून राग हुता म्हनून लिहा."

माझ्या अनुभवात गुन्हेगार आधी नाकारतो, मग दुसऱ्याचे नाव सांगतो, मग रडतो. हा माणूस न विचारता कारणासकट गुन्हा कबूल करत होता, आणि कारणही आमच्या सोयीचे देत होता. मी चहा मागवला. दुसरी गाठ त्याच्यापुढे सरकवली.

"ही सोडून दाखवा."

त्याने हात लावला नाही. खिडकीतून बाहेर बघत राहिला.

"तुम्हाला कळतंय का, तुमच्या एका कबुलीनं काय होईल? मला वरती कळवावं लागेल. काम थांबेल. मोहल्ल्यातली पोरं तुमच्या वाडीवर चालून येतील, मग तुमच्या आळीतली त्यांच्यावर. कुणाला वाचवताय?"

त्याने चहाचा कप बाजूला सारला.

"साहेब," तो म्हणाला, "मी पानी सोडाया चाललू हुतू. तो येकटाच दोरी घेऊन ह्या टोकाकडनं त्या टोकाला धडपडत हुता. रडत हुता. म्या नुसतं टोक धरलं. त्यानं हाक मारली तवातवा धरलं. मानूस रडताना बघितला तं गावाला सांगाचं नसतं. मी न्हाय सांगनार. तुमी मारा पायजे तं."

मी त्याला मारणार नव्हतो, आणि त्याने नाव सांगायची गरजही उरली नव्हती. मोहल्ल्यात होडीवरचा जुना माणूस एकच उरला होता. आयुष्यभर तांडेल म्हणून होडी हाकलेला, आता थकलेला म्हातारा. त्याची बायको कब्रस्तानात होती आणि त्याचा दिवसही बहुतेक तिथेच जायचा.

मी दुपारी एकटाच गेलो, टोपी जीपमध्ये ठेवून. तो बायकोच्या कबरीवरच्या सब्जाला पाणी घालत होता. मी गडग्यावर बसलो आणि गाठ त्याच्या हातात दिली. त्याने अंगठ्याने ती मागे ढकलली, गाठ मोकळी झाली. मग त्याच्या लक्षात आले की आपण काय केले.

"वाडीवाल्यानं सांगितलं?"

"नाही. त्यानं सगळं स्वतःवर घेतलं."

म्हातारा पाण्याचे भांडे बाजूला ठेवून खाली बसला. मग बोलू लागला.

"साहेब, ही मेली तेवा कबरीत मी उतरलो. तिचं तोंड मी ह्या हातानं किब्ल्याकडं केलं. माझ्या बापाला मी असंच ठेवलं, त्यानं त्याच्या बापाला. आमाला कुठं मोबाईल? सूर्य दर्यात जातो ती पश्चिम, तोच किब्ला. आता पोरांनी दोरी मारली, ती ह्या कबरींशी जुळंना. मी इथं बसून बघितलं. मशीद तिकडं बघते, आन्‌ माझी मान्सं भलतीकडंच. पोरांचं बरोबर असंल तं मग माझी बायको कुठं तोंड करून पडलीय? कयामतपर्यंत तिला तसंच ठेवलं मी?"

मला वाईट वाटले, फार वाईट वाटले. त्याला मशीद अडवायची नव्हती. मशिदीला आपल्या माणसांच्या रेषेत आणायचे होते, म्हणजे आपली माणसे चुकलेली ठरणार नाहीत.

जमातीपुढे त्याला उभा करायचा नाही, हे मी तिथेच ठरवले. खाडीपलीकडच्या मशिदीतल्या मौलानांना निरोप धाडला. वयस्क, शांत माणूस. आम्ही तिघे त्या कबरीपाशी बसलो. मौलानांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "चाचा, तुमच्या वालिदांना, बापजाद्यांना जेवढं माहीत होतं, तेवढ्या सच्च्या दिलानं त्यांनी तोंड केलं. एवढ्याशा फरकानं कुणाची नमाज वाया जात नाही, आणि कुणाची कबर पण नाही. खुदा कंपास घेऊन बसलेला नाही. चाची जशी आहे तशी किब्ल्याकडंच आहे."

"नक्की?" म्हातारा म्हणाला.

"नक्की."

"मग पोरांची दोरी पन बरोबर?"

"ती पण बरोबर. आता कळलंय, तर त्यांनी तिकडं तोंड करावं."

म्हातारा कितीतरी वेळ सब्जाची पाने खुडत बसला. पुढचे त्याने आपणहून केले. जुम्याला होडीने खाडीपलीकडे गेला, नमाज झाल्यावर उभा राहिला आणि सगळ्यांसमोर म्हणाला की खुंट्या मी फिरवल्या, वाडीवाल्याला बोल लावू नका. मी तिथे नव्हतो, अध्यक्षांनी मला सांगितले. कुणीही त्याला बोल लावला नाही म्हणे. कारण कब्रस्तानात प्रत्येकाचेच कुणी ना कुणी होते, आणि तो प्रश्न एकट्या म्हाताऱ्याचा नाही, हे तेव्हा सगळ्यांच्या ध्यानात आले.

तोड काढली ती अध्यक्षांनीच. भिंती चाचांच्या दोरीप्रमाणे, कबरींच्या रेषेत उभ्या राहतील. आत फरशीवर सफ, म्हणजे नमाजाला उभे राहायच्या ओळी, तेवढ्या मोबाईलच्या किब्ल्याप्रमाणे आखायच्या. मौलानांनी मान डोलावली. मग अध्यक्ष वाडीवाल्याकडे गेले आणि माफी मागितली. तो म्हणाला, "माफी राहूद्या. दोरी कवा मारताय? मी येतू." आणि तो गेला. दिवसाउजेडी, सगळ्या गावादेखत त्याने एक टोक धरले आणि तांडेलाने दुसरे.

डायरीत मी लिहिले, 'आपसांतील गैरसमजातून खुंट्या हलल्या होत्या, तक्रारदारास तक्रार चालवायची नाही, परिसरात शांतता आहे.' वरती अहवालही तसाच गेला. रिकामटेकड्यांची मात्र फार निराशा झाली.

निवृत्तीनंतर हरिहरेश्वरला देवदर्शनाला निघालो होतो. वाटेत बायकोला म्हटले, जरा थांबू. मशीद लहानशी, जांभ्या चिऱ्याची, नीटस. दारातून आत पाहिले. भिंती सरळ आणि फरशीवरच्या ओळी तिरक्या. नवख्याला वाटावे, गवंड्याने घोळ केला. वाडीवाला पायवाटेने येताना भेटला, मला कब्रस्तानात घेऊन गेला. तांडेल वारला होता.

या प्रकरणाने काय शिकवले ते सांगायचे तर, मोडणाऱ्या हाताची खूण वेगळी असते आणि जुळवू पाहणाऱ्या हाताची वेगळी. ती ओळखण्याआधी कलम लावायची घाई करू नये. नव्या अधिकाऱ्यांना मी हे सांगतो, आणि ते तोंडदेखले हो म्हणतात.

अलीकडच्या काळातल्या कबरी सगळ्या जराशा कललेल्या होत्या, मोबाईलच्या किब्ल्याप्रमाणे. एकच नवी कबर जुन्या रेषेत होती, सब्जाच्या झाडाला लागून. वाडीवाला म्हणाला, "तो सांगून गेला हुता. तिच्याशेजारी, ती हाय तशीच."

कबर अगदी सरळ आखलेली होती. दोरीचे दुसरे टोक कुणी धरले होते, हे मी त्याला विचारले नाही.